आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: सिलिंडर भरा, बायकांच्या पिशव्या वाचवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, स.न.वि.वि.

आम्ही सिंधुदुर्गाच्या खाडीपट्ट्यात बायकांच्या तपासणीचं काम करणाऱ्या परिचारिका आणि आशा. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातलं क्रायोचं मशीन, म्हणजे पिशवीच्या तोंडावरचा भाग गॅसने गोठवणारं यंत्र, गॅसचा सिलिंडर रिकामा म्हणून पडून आहे. पावसाआधी भरून देतो, असा शब्द मिळाला होता. गणपती झाले, दिवाळीही झाली. परवा एक पस्तिशीची बाई खासगीत गर्भाची पिशवी काढून आली. कागदावर कारण होतं, पिशवीच्या तोंडाला इरोजन.

साहेब, इरोजन म्हणजे कॅन्सर नव्हे. तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर बाहेर दिसायला लागतं, म्हणून ते लाल दिसतं आणि हात लागला की रक्त येतं. वयात येताना, गरोदरपणात, माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना हे बऱ्याचदा होतं. त्रास नसेल तर काहीही करायचं नसतं.

अंगावरून सारखं पांढरं जात असेल, संबंधानंतर लाल दिसत असेल, तर आधी जंतुसंसर्ग बघायचा. मग कॅन्सरची शंका तपासायला पॅप (तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा व्हीआयए (ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं). व्हीआयएला 3 ते 5 टक्के ॲसेटिक ॲसिड लावून पूर्ण 1 मिनिट थांबावं लागतं. रांग मोठी म्हणून लगेच बघितलं तर पांढरा डाग उमटायच्या आत बाई घरी जाते. डाग दिसला तर पुढची तपासणी. सगळं स्वच्छ निघूनही त्रास राहिला, तरच सिल्व्हर नायट्रेटचं औषध लावणं, कॉटरीने जाळणं किंवा क्रायोने गोठवणं. गरोदर बाईला क्रायो करायचं नाही.

क्रायोची नेहमीची पद्धत 3 मिनिटं गोठवणं, 5 मिनिटं वितळू देणं, पुन्हा 3 मिनिटं. भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी. पण गॅसचा दाब चौरस सेंटिमीटरला 40 किलोच्या खाली गेला की बर्फ खोलवर धरत नाही, काम अर्धवट राहतं. प्रोब, म्हणजे मशीनचं गार टोक, वितळायच्या आत ओढला तर अस्तर फाटतं. नंतर महिनाभर पाण्यासारखं जातं, तोवर संबंध टाळायचे. हे समजावून सांगणारं कुणी नसलं की घाबरलेली बाई थेट खासगीची पायरी चढते, आणि तिथे तिला ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ असं सांगतात.

बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशव्या काढणं रोखायची नियमावली राज्यांना लागू करायला सांगितली. आमच्याकडे ती पोचली कुठे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांमागे दोघींचीही पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी झालेली नव्हती. पदं रिकामी, त्यामुळे बायकांना गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवायचं. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी त्यांच्याच माथी. इमारतींना पैसे मिळतात, गॅसला मिळत नाहीत.

आम्हाला सिलिंडर या महिन्यात हवा, जोडीला एक भरलेला राखीव, आणि खाऱ्या हवेत गंजलेला रेग्युलेटर बदलून. पावसात वीज जाते तिथे बॅटरीवरचं थर्मल ॲब्लेशनचं, म्हणजे गॅसऐवजी उष्णतेने उपचार करणारं यंत्र द्या. आणि चाळिशीच्या आतल्या प्रत्येक पिशवीच्या ऑपरेशनला, सरकारी असो की खासगी, तपासणीचा कागद जोडल्याशिवाय मंजुरी नको.

आपल्या,
खाडीपट्ट्यातल्या परिचारिका आणि आशा