शेतीशाळा मंगल कार्यालयात कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या एका शेतीशाळेची बातमी मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात फोटोसकट वाचली. फोटोत मंगल कार्यालय, स्टेजवर साहेब लोक, मागं बॅनर अन् खुर्च्यांवर कास्तकार. अहो पण कपाशीचं एक झाड तरी दिसायला पाहिजे होतं की नाही!

मुळात शेतीशाळा निघाली 1989 साली इंडोनेशियात. तिथं भातावर औषधं मारून मारून तुडतुडे खाणारे कोळी अन् बाकी मित्रकिडी मेल्या आणि तुडतुडे उलट वाढले, मग एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न अन् शेती संघटना) मदतीनं वीस-पंचवीस शेतकऱ्यांचे गट केले, दर आठवड्याला सगळ्यांनी वावरात उतरायचं, कीड मोजायची, जे दिसलं त्याचं चित्र काढायचं आणि फवारायचं की नाही ते गटानंच ठरवायचं. शिकवणारा प्रश्न विचारायचा, भाषण द्यायचा नाही. आपल्याकडं नाव तेच ठेवलं पण भाषण परत आलं.

आता गुलाबी बोंडअळीच घ्या. अळी बारीक असतानाच बोंडात शिरते, मागचं भोक बुजून जातं, वरून बोंड चांगलं हिरवंगार. हे पडद्यावर कितीही दाखवा, माणूस मान डोलावतो अन् घरी जाऊन विसरतो. त्यापेक्षा एका एकरातून वीस बोंडं तोडून आणा, धुऱ्यावर बसून ज्याची त्याला फोडू द्या. आमच्या गावात एकदा असं केलं होतं, एका म्हाताऱ्यानं "माह्या वावरात अळी नाही" म्हणत बोंड दाबलं आणि आतून सडलेली सरकी अन् अळी निघाली, गडी गप्पच झाला, मग स्वतःच उठून आणखी बोंडं आणायला गेला. वीसात दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के, फवारणीची वेळ आली, हा हिशोब त्याला परत कोणी सांगायची गरज पडली नाही. मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्याचंही तसंच, सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तर फवारा हा आकडा भिंतीवर लिहून काय होते, सापळा ज्याच्या वावरात आहे त्यालाच मोजायला लावा.

दुसरं म्हणजे मोठ्या माणसाला चारचौघांत उभं करून "सांगा बरं" म्हणू नका. पन्नाशीतला माणूस, सोयरे-शेजारी बसलेले, चुकला तर वर्षभर गावात टिंगल, तो कशाला तोंड उघडतो! पाच-पाच जणांत बसवा, आपसात भांडू द्या, मग एकानं सगळ्यांच्या वतीनं बोलावं. आणि शेवटी "समजलं का?" विचारणं तर बंदच करा, त्याला हो शिवाय उत्तर नसते. डोमकळी, म्हणजे आत अळी असल्यानं पाकळ्या चिकटून नीट न उमललेलं फूल, कोणती ते झाडावर हात लावून दाखवा म्हणा, लगेच कळते कोणाला समजलं अन् कोणाला नाही.

आणि बोलावता कोणाला ते पण बघा. सातबारा ज्याच्या नावावर त्याला. निंदण, वेचणी बाया करतात, किडकं बोंड आधी त्यांच्याच हातात येते, पण त्यांना बोलावत नाही, बोलावलंच तर सकाळी अकराची वेळ, तेव्हा त्या मजुरीवर असतात. पंप पाठीवर घेणारा बरेचदा मजूर असतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांसोबत शेतमजूरही दगावले, तरी हातमोजे, मास्क अन् वाऱ्याची दिशा यावरचं व्याख्यान आपण अजून मालकालाच देतो, मजूर तिकडं दुसऱ्याच्या वावरात पंप भरत असतो. त्याची रोजी बुडते तेवढी भरून द्या आणि त्याला बोलवा, समोशाचा खर्च कमी केला तरी चालते.

कृषी सहायकांवर राग नाही. एकेकाकडं कितीतरी गावं, वरून फोटो पाठवा, सह्या पाठवा, अहवाल पाठवा, मग हॉलच बरा वाटणार. म्हणून वरच्या साहेबांना एकच विनंती, हजेरीच्या कागदावर सह्यांच्या बाजूला दोन रकाने वाढवा, आज किती बोंडं फोडली आणि किती किडकी निघाली. आणि संपादक साहेब, पुढच्या वेळी बातमी आली की फोटोच्या खाली तुम्ही पण तेच दोन आकडे छापा.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ