यॅशिका माझ्याकडे आहे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

बाबा, कॅमेरा शोधू नका. तो पुण्यात माझ्याकडे आहे आणि चालू आहे. तुम्ही स्टुलावर चढून तो शोधता हे आईने फोनवर दबक्या आवाजात सांगितलं तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आधी हे वाचा, मग काय रागवायचं ते रागवा. गणपतीत निघताना मी तो साड्यांच्या बॅगेत घातला. आईला ठाऊक होतं, पण मीच तिला शपथ घातली होती, तेव्हा तिला काही बोलू नका.

विचारलं असतं तर तुम्ही "असू दे गं, आता कोण फोटो काढतंय" म्हणाला असता आणि विषय तिथेच मिटला असता. दुरुस्तीला टाकायचा तर मागचा अनुभव आहेच. पावसाळाभर ठेवून घेऊन त्या माणसाने जसाच्या तसा परत दिला होता. शिवाय यॅशिकाचं हे मॉडेल, १२४जी, १९८६ नंतर बनलेलं नाही. सुटा भाग हवा तर दुसरा मेलेला कॅमेरा विकत घ्यायचा, एवढाच मार्ग. म्हणून मीच उघडला.

चिपळूणच्या त्या जुलैत माळ्यापर्यंत पाणी पोचलं नाही हे खरं, पण नंतर कितीतरी महिने भिंती ओल्या होत्या. त्या हवेत काच टिकत नाही, त्याला तुम्ही काय करणार? उलट चामड्याच्या केसमध्ये इतका जपून ठेवला होतात, आणि ती केसच ओल धरून बसली. वरच्या भिंगात, ज्यातून आपण बघतो त्यात, बुरशीचं जाळं होतं. फोटो काढणाऱ्या खालच्या भिंगात फक्त कडेला. शटर पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, छान पडायचं, एक सेकंदावर मात्र उघडायचं आणि उघडंच राहायचं.

आई, तुझं इडलीपात्र कामाला आलं. समोरचं कातडं अलगद सोडवलं की खाली चार कोपऱ्यांत स्क्रू असतात. मग एकेका टप्प्याचे स्क्रू एकेका खळग्यात, आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. (पात्र घासून ठेवलंय. नवीन घेणारच आहे, ओरडू नकोस.) शटरची पाती धडधाकट निघाली. मंद वेग ज्या बारीक दातेरी चक्रांवर चालतात, त्यांवरचं वंगण सुकून चिकट झालं होतं. लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलने ती धुतली, आणि मोह आवरून पात्यांना तेलाचा थेंबही लावला नाही. आता सेकंदाला पूर्वीसारखी गुणगुण करतं. बाबा, तो आवाज तुम्ही तोंडाने काढून दाखवायचात ना? "हे थांबेपर्यंत हलायचं नाही." मी श्वाससुद्धा घ्यायची नाही.

बुरशी पेरॉक्साइड आणि अमोनियाने गेली. वरच्या भिंगाच्या लेपावर एक व्रण राहिलाय, पण फोटो त्यातून जात नाही. आतल्या आरशाचा मुलामा काचेच्या वरच्याच अंगाला असतो, म्हणून तो पुसला नाही, नुसती हवा मारली.

सगळ्यात वेळ खाल्ला तो दोन भिंगं जुळवण्याने. वरून स्पष्ट दिसतं तेच खालून स्पष्ट उतरलं पाहिजे. मागचं दार उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणला, शटर 'बी'वर उघडं धरलं आणि त्यावर उमटलेली दूरची पाण्याची टाकी हातातल्या भिंगाखाली बघत बसले. वरच्या भिंगाचे बारीक स्क्रू सैल करायचे, केसभर फिरवायचं, पुन्हा बघायचं. टाकीवरची शिडी दोन्हीकडे सारखी दिसली तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं.

आणि उजेड मोजायचं मीटर! त्याला जुना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागतो, तो आता मिळत नाही. १.५ व्होल्टचा घातला तर मीटर चुकीचं दाखवतं. मग कळलं की ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ देतो. निळ्या स्टिकरवाला. म्हणजे बाबा, तुमच्या कानाच्या मशीनचाच. भोवती रबराची रिंग बसवून घातला. कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडताच मीटरचा काटा हलला.

तुमच्या खणातली अख्खी पट्टी न फोडलेली कशी, हे मी आईला विचारलंय. मशीन शिट्टी मारतं हे कारण चालणार नाही, कानात नीट बसलं नाही की ते शिट्टी मारतं. स्टिकर काढायचं, मिनिटभर थांबायचं, मग सेल बसवायचा. रोज. जेवतानासुद्धा.

आता जे सांगायला एवढं लिहिलं ते. कॅमेरा मी परत पाठवणार नाही. तिथल्या हवेत दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच होईल. इथे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवलाय. कुरियरवर माझा विश्वास नाही, तुमचा तर त्याहून नाही. हाताचं कोणी काही म्हणालं असेल तर ते मनातून काढा. ते कारण नाही. फिल्म पुढे सरकवायचा क्रँक फिरवून माझंही मनगट दुखतं. केसच्या आत तुमच्या अक्षरातलं नाव तसंच आहे, तिथे माझं येणार नाही.

आणि आई, आत सोनं आहे म्हणून बाबांनी पाटल्यांऐवजी हा घेतला, असं तू आयुष्यभर ऐकवलंस. खरंच आहे. जी म्हणजे गोल्ड. विजेच्या जोडांवर मुलामा. वितळवून नथीचा टाकासुद्धा व्हायचा नाही.

डिसेंबरात दोघं या. बिल्डिंगला लिफ्ट आहे, न्हाणीत आणि कमोडपाशी धरायला दांड्या बसवून घेतल्यात, उकडे तांदूळ आणलेत. खिडकीलगतची कॉट बाबांची, सकाळी तिथे ऊन येतं. मला पुन्हा एकदा काचेत बघायचंय तुमच्याबरोबर. दादा उजवीकडे पळाला की तो काचेत डावीकडे पळायचा, मी कॅमेरा उलटाच वळवायची आणि तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून फिरवायचात.

तोवर स्टुलावर चढायचं नाही. बल्ब गेला तरी नाही. स्टूल शेजारी देऊन टाका, हे आईने आजच करायचं.

पहिला रोल मोरीतच धुतला, घरभर हायपोचा, फिल्म पक्की करायच्या रसायनाचा, वास होता. बाराही फोटो सोबत आहेत. बाबा, आठवा फोटो नीट बघा. उजव्या कडेला पांढुरका पट्टा आलाय. दाराचा फोम नवा लावलाय, तरी बिजागरीकडून उजेड शिरतोय का, की रोल काढताना माझ्याकडून सैल झाला? लाल पेन्सिलीने खूण करून दादाकडे द्या. पुढचा रोल त्यानंतरच घालते.

तुमची
चिमी