आई, ओटा फोडू नकोस

सिंगापूर, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई, तुझा आवाज बसलेला होता. “नव्या घरात स्वयंपाकघर वायव्येला आलंय, आणि त्याचा त्रास घरातल्या कर्त्या पुरुषाला होतो म्हणतात,” एवढं बोललीस आणि फोन ताईकडे दिलास. बाकीचं मग ताईनं सांगितलं. तिच्या सोसायटीतल्या फेंगशुई, म्हणजे चिनी लोकांचं वास्तुशास्त्र, शिकलेल्या बाईंनी फ्लॅटचा नकाशा पाहिला, मान हलवली, आणि तेव्हापासून तू नीट जेवत नाहीस. आता म्हणे ओटा फोडून स्वयंपाकघर आग्नेयेच्या बेडरूममध्ये न्यायचं चाललंय. बाबांच्या मोतीबिंदूसाठी तुम्ही पुण्यात आहात तोवर हे पत्र हातात पडेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. एकदा बडोद्याला परतलात आणि गवंडी दारात उभा राहिला की ऐकायला कुणाला सवड राहणार नाही.

त्या बाईंनी मनानं काही सांगितलेलं नाही. नियम खरोखरच आहे. माझ्या शेजारच्या चिनी आजींना मी काल मुद्दाम विचारलं. त्यांनी कागदावर आठ दिशा काढल्या आणि प्रत्येक दिशेला घरातलं एकेक माणूस बसवलं. वायव्य वडिलांची, नैऋत्य आईची, पूर्व थोरल्या मुलाची, आग्नेय थोरल्या मुलीची, पश्चिम धाकट्या मुलीची. वायव्य म्हणजे आकाश, आणि तिचं तत्त्व धातू. आगीनं धातू वितळतो, म्हणून तिथे चूल पेटली तर ते त्याला ‘स्वर्गाच्या दाराशी आग’ म्हणतात. ऐकून माझ्याही पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. बाबांचंच नाव त्या कोपऱ्यावर लिहिलेलं.

पण आई, आपल्या वास्तुशास्त्रात काय सांगितलंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. स्वयंपाकघराला पहिली पसंती आग्नेय, अग्नीची दिशा म्हणून, आणि ती जमत नसेल तर दुसरी वायव्य. गुरुजींनी तुला तेच सांगितलं होतं आणि तेव्हा तू निश्चिंत होतीस. म्हणजे कोपरा तोच, एका शास्त्रात चालणारा, दुसऱ्यात वर्ज्य. दोन्ही शास्त्रं एकदम पाळायला गेलं तर माणसाला घरात उभं राहायला जागा उरणार नाही. आपण ज्या परंपरेत वाढलो, तुझ्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णा ज्या परंपरेनं आली, तिचा शब्द आपण आधी मानावा असं मला मनापासून वाटतं. आजींनाही मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, तुझ्या आईचं घर आहे ते.

आणि त्यांच्याही शास्त्रात लगेच भिंत पाडत नाहीत. पाच तत्त्वांचं एक चक्र आहे. लाकडातून आग, आगीतून माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून पुन्हा लाकूड. आग आणि धातू यांचं वैर असलं तरी मध्ये माती आली की भांडण मिटतं, कारण आग मातीला वाढवते आणि माती धातूला. “शेगडीजवळ मातीचं काहीतरी ठेवायला सांग,” आजी म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे एकदम तुझ्या लोणच्याच्या बरण्या आल्या. दांडिया बाजारच्या आपल्या जुन्या घरातल्या फडताळात रांगेनं उभ्या, पांढऱ्या, वर तपकिरी गळा, तोंडाला दादरा बांधलेल्या. चिनी मातीच्या! त्या बरण्या माळ्यावर टाकू नकोस आणि भंगारात तर मुळीच देऊ नकोस. शेगडीच्या बाजूच्या फळीवर मांड. तेवढ्यानं मनाला स्वस्थता मिळत असेल तर ती स्वस्थता खरीच आहे.

आता बाबांसाठी. बाबा, तुम्ही मोबाईलवरून दिशा पाहिलीत तेव्हा एकदा ३१० अंश आले आणि एकदा ३४५. वायव्येचा पट्टा २९२.५ ते ३३७.५ अंशांचा. म्हणजे पहिल्या मापानं स्वयंपाकघर वायव्येला, दुसऱ्यानं उत्तरेला! लिफ्ट, खिडकीचं ग्रिल, फ्रीज, खांबातल्या सळया, या सगळ्यांनी होकायंत्राची सुई सरकते. घराच्या मधोमध, लोखंडापासून लांब उभे राहा, तिथून स्वयंपाकघर कुठल्या बाजूला पडतं ते पाहा. पाच-सहा वेळा, थोडं इकडे-तिकडे सरकून. इथले जाणकार लोपान नावाची गोल तबकडी वापरतात, तिच्यावर २४ दिशा, प्रत्येकी १५ अंशांची. एवढ्या बारकाईनं पाहणाऱ्या शास्त्राचा निवाडा आपण एका मापावर कसा करायचा? डोळ्याची पट्टी निघाल्यावरच करा हे, घाई नाही.

बेडरूममध्ये स्वयंपाकघर नेण्याला माझा ठाम विरोध आहे. खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या पलंगावर आपलं बेसिन आणि सांडपाण्याचा पाइप येणार. आज ना उद्या त्यांच्या छताला ओल येईल. कुणाच्या उशाशी पाणी ठिबकवून आपली वास्तू कशी सुखी राहील? वास्तू तथास्तु म्हणत असते, हे तूच आम्हाला शिकवलंस ना.

बदलायचं आहे ते वेगळंच आहे, आणि त्यासाठीच खरं तर हे पत्र. ताईनं पाठवलेल्या फोटोत शेगडीची जागा पश्चिमेच्या खिडकीखाली आहे आणि तिला चिकटून बेसिन. तू पश्चिमेला तोंड करून उभी राहणार आणि स्वयंपाकघराचं दार तुझ्या मागे डावीकडे. हे मात्र दोन्ही शास्त्रांना नामंजूर आहे. आपल्यात स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला हवं. त्यांच्यात शेगडीमागे भक्कम भिंत हवी, खिडकी नको, आग आणि पाणी शेजारी नको, आणि रांधणाऱ्याची पाठ दाराकडे नको. आणि मला हे अनुभवानं पटलंय.

इथे आल्यावर पहिल्या भाड्याच्या घरात माझी शेगडी अशीच होती, बेसिनला लागून, पाठ दाराकडे. एका संध्याकाळी आमटीच्या फोडणीचं तेल तापलं होतं. बेसिनमधून नुकताच धुतलेला डाव उचलला, त्याचं पाणी तेलात पडलं. तेल तडतडलं, त्याच क्षणी पिल्लू मागून धावत येऊन पायाला बिलगलं. मला ते आलेलं कळलंच नव्हतं. दचकून हात कढल्याला लागला. मनगटावर अजून पेराएवढा डाग आहे, तुला कधी दाखवला नाही. शेजारच्या आजी आवाज ऐकून आल्या, हात वीसेक मिनिटं नळाखाली धरून ठेवला, आणि मग शेगडी, बेसिन आणि दार यांच्याकडे एकेक बोट दाखवत राहिल्या. भाड्याच्या घरात शेगडी हलवता येईना, म्हणून शेगडीमागे चकचकीत स्टीलचा पत्रा लावला. त्यात दार दिसायचं. (आरसा लावावा की नाही यावर त्यांच्यातच दोन मतं आहेत, पण माझं काम पत्र्यानं भागलं.)

त्यानंतर मला कितीदा तरी आपलं दांडिया बाजारचं स्वयंपाकघर आठवलं. तू पोळ्या लाटायचीस आणि जिना तुझ्या उजव्या हाताला. चढणाऱ्याचे आधी पाय दिसायचे. तू मान न वळवता ओळखायचीस, “आली का गं शाळेतून? पाय धू आधी.” चाळीस वर्षं तू अशा जागी उभी राहिलीस. आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि नव्या घरात दार नेमकं त्याच बाजूला, पाठीमागे. बाबांवर संकट येईल याची तुला धास्ती आहे. मला तुझी आहे.

म्हणून बेसिन आहे तिथेच राहू दे. समोर पूर्वेच्या भिंतीला फ्रीजसाठी सोडलेली जागा आहे, तिथे चारेक फुटांचा कडाप्प्याचा ओटा घालून घ्या आणि शेगडी त्यावर. तुझं तोंड पूर्वेला, दार उजव्या हाताला, जिना होता तस्सं. बेसिनच्या अगदी समोरासमोर मात्र नको, हातभर दाराच्या बाजूला सरकवा. दोन ओट्यांत चार फूट तरी मोकळे ठेवा. गॅसचा पाइप गॅसवाल्यांच्याच माणसाकडून पुढे घ्या, गवंड्याला हात लावू देऊ नका. फ्रीज उत्तरेच्या भिंतीला. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावा, बडोद्याचं मे महिन्याचं ऊन चार वाजता सरळ आत येईल. स्फटिक, बांबू, नाणी यांतलं काही विकत घेऊ नकोस. आजींच्या घरी यातलं काही नाही. शेगडीजवळ चुलीच्या देवाची तसबीर आहे. त्यांच्या नव्या वर्षाच्या आठवडाभर आधी तो घरची हकिकत सांगायला स्वर्गात जातो, म्हणून त्याच्या ओठांना मध लावतात. तू पहिला घास अग्नीला देतेस, त्याचीच मला आठवण होते.

राहायला जायचा दिवस दसऱ्याचाच ठेव. आपण पितृपक्षात घर बदलत नाही, तसे इथले चिनी लोकही त्यांच्या सातव्या महिन्यात, भुतांच्या महिन्यात, बदलत नाहीत. तो कधी आपल्या श्रावणात येतो, कधी भाद्रपदात. नव्या घरात ते काठोकाठ भरलेला तांदळाचा डबा नेतात, चहाचं पाणी उकळतात, आणि उंबऱ्यातून अननस आत गडगडवतात, कारण त्यांच्या होक्कियन बोलीत अननसाचं नाव ‘भरभराट ये’ असं ऐकू येतं. तू दूध उतू घाल, देव आणि तांदळाचा डबा आधी आत ने. वास्तुशांत तुळशीच्या लग्नानंतर सावकाश करू, तेव्हा मी येते, रजा टाकलीय. अननस खंडेराव मार्केटमधून मीच आणीन, पिल्लूला तो गडगडवायचाच आहे.

ताई, आईला ओट्याजवळ ताठ उभी करून कोपरापासून जमिनीपर्यंतची उंची मोज आणि मला कळव. नवा ओटा त्याच्या चार बोटं खाली हवा. बिल्डरच्या मापानं घातला तर तिला खांदे उचलून पोळ्या भाजाव्या लागतील.

तुमची,
धाकटी