सूचना : जुन्या नोंदींत पूर्वज शोधताना

सर्व सभासदांना,

गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावातील जन्ममृत्यूची जुनी नोंदवही), चाळताना आजच्या आडनावावर अडून बसू नका. जुन्या नोंदींत ते बहुधा नसतेच. ‘राघो बिन महादू’ एवढेच असते. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. नाव आणि बापाचे नाव धरा, तेही दोन-चार रूपांत: राघो, राघू, रघुनाथ. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दही सुटे नसतात, त्यामुळे वाचताना नाव भलत्याच जागी तुटते. शिवाय आपल्या खानदेशात ‘ळ’चा ‘य’ होतो. लिहिणाऱ्याने ऐकले तसेच उतरवले असेल तर काळू ‘कायू’ होऊन बसलेला असतो!

वय अंदाजाने सांगितलेले, म्हणून पाच वर्षे मागेपुढे पाहा. इसवी सन काढायला फसली सालात (जुन्या महसुली वर्षात) 590 मिळवा. ते जूनमध्ये, मृगाला बदलते, तेव्हा एक वर्ष इकडेतिकडे धरा. शक असेल तर त्यात 78 मिळवा.

खरी फसगत गावात होते. खुर्द की बुद्रुक, पुढे ‘प्र.’ (प्रगणे, म्हणजे जुना महसुली विभाग) आहे का, ते पाहाच. 1906 आधी खानदेश हा एकच जिल्हा होता, नंतर पूर्व आणि पश्चिम. नंदुरबार 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद म्हणून शोधा.

नुसते नाव जुळले म्हणून वंशावळीत चढवू नका; भाऊ किंवा बायकोचे नावही जुळू द्या.