कपाटातला 42 टक्क्यांचा दाखला

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोललो असतो तर तुझ्या आईच्या कानावर गेलं असतं, म्हणून लिहितोय. परवा विम्याची पावती शोधताना कपाटातली तुझी फाईल हाती आली. वर नेमणुकीचा आदेश, खाली दिव्यांगत्वाचा दाखला. श्रवणदोष, कायमस्वरूपी, 42 टक्के. दिव्याखाली धरून तीनदा वाचला. लहानपणी मी अंगणातून हलकी शीळ घातली तरी माडीवरून ‘आलो बाबा’ म्हणून ओ देणारा पोरगा तू.

कशासाठी केलंस ते कळतं मला, आणि त्यानेच झोप उडाली आहे. सहा वर्षं झाली, घरापासून इतक्या लांबच्या शाळेवर आहेस. आईचे गुडघे गेले, मलाही आता एकट्याने दवाखान्यात जाववत नाही. संवर्ग एकमध्ये, म्हणजे शिक्षकांच्या बदल्यांत गंभीर आजारी, दिव्यांग वगैरेंना आधी प्राधान्य देणाऱ्या गटात, नाव लागलं की जवळची शाळा मागता येते, आणि ‘दाखल्याचं मी बघतो’ म्हणणारा कुणीतरी भेटला असेल. आमच्यासाठी केलंस. पण बाळा, आमच्यासाठी हे नको.

माझी नोकरी कोर्टात गेली, तेव्हा आधी कायद्याचं सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 91. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा लाभ जो कपटाने घेईल किंवा घेण्याचा प्रयत्न करील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातल्या ‘प्रयत्न’ या शब्दाखाली रेघ मार. बदली मिळाली नाही, तरी दाखला जोडून अर्ज भरला म्हणजे प्रयत्न झाला. लक्षणीय म्हणजे 40 टक्के किंवा त्याहून जास्त. असले दाखले नेमके चाळिशीच्या जरा वर येऊन का थांबतात, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं.

शिवाय फिर्याद एकाच कलमावर थांबत नाही. भारतीय न्याय संहिता आहेच. फसवणुकीचं 318 (4), म्हणजे जुनं 420. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा. बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचं 340. आणि सही-शिक्के खरे असले, डॉक्टरनेच खोटं लिहून दिलं असलं, तर देणाऱ्यावर 234 आणि जाणूनबुजून वापरणाऱ्यावर 235. ‘दाखला ओरिजिनल आहे’ असं तो मध्यस्थ सांगत असेल, त्याचा अर्थ एवढाच.

पुन्हा तपासणी होणार नाही, या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. दिव्यांग म्हणून लाभ घेणाऱ्यांना फेरतपासणीला पाठवतात, हे तुमच्या जिल्हा परिषदांतच चाललेलं आहे. साध्या श्रवणचाचणीत आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. तिथे माणूस न ऐकल्याचं सोंग करू शकतो. पण शंका आली की बेरा चाचणी करतात. डोक्याला इलेक्ट्रोड लावतात, कानात आवाज सोडतात आणि श्रवणाच्या नसेतून मेंदूकडे काय जातं ते यंत्र टिपतं. तान्ह्या बाळाची ही चाचणी ते झोपलेलं असताना करतात. तिथे तू काय सोंग करणार?

नोकरीचं वेगळंच. गुन्हा दाखल झाला आणि 48 तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन ठरलेलं. मग दोषारोपपत्र, विभागीय चौकशी. बडतर्फ झालास तर पुढे सरकारी नोकरीचं दार साधारणपणे बंदच. इतकी वर्षं मन लावून शिकवलं, हे तिथे कामी येत नाही. जातीच्या खोट्या दाखल्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली हेच सांगितलं: खोट्या दाव्यावर मिळवलेल्या नोकरीला नुसत्या लांबलेल्या सेवेचं संरक्षण नाही. ते निकालपत्र आमच्याकडे आलं तेव्हा मी पूर्ण वाचलं होतं. आणि शिक्षेआधीचं जे असतं ते कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. अटकपूर्व जामिनाच्या अर्जाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी असलेली आईवडील मंडळी मी रोज पाहिली. पाणी दिलं तरी पीत नसत.

आता आत्याचं. तिचा पोलिओचा पाय तू पाहिलास, पण तिची दाखल्यासाठीची वणवण तुझ्या जन्माआधीची. सिव्हिल हॉस्पिटलात दाखले देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी मी तिला घेऊन जायचो. कॅलिपर घालून जिना चढायचा, रांगेत उभं राहायचं, आणि वर गेल्यावर कळायचं की डॉक्टर आज नाहीत. तीन फेऱ्या झाल्या. पाय डोळ्यांसमोर दिसत असतानाही तो सिद्ध करावा लागत होता. 1995 चा कायदा आला, नोकरीत तीन टक्के जागा राखल्या गेल्या, तेव्हा तिचं वय उलटून गेलेलं. 2016 च्या कायद्याने तीनाचे चार केले आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, तेव्हा ती पेपर घेऊन माझ्याकडे आली होती. ‘आता पोरींना तरी मिळेल रे,’ म्हणाली.

संवर्ग एकच्या यादीत तुझ्या वर-खाली कोण असतं ते पाहा. कॅन्सरचे रुग्ण, विधवा, मूत्रपिंड बदललेले, खरोखर ऐकू न येणारे. तू मागितलेली शाळा यांच्यातल्याच कुणाची तरी असेल. आणि एक खोटा सापडला की पुढच्या खेपेला खऱ्यालाही बोर्डासमोर संशयाने बघतात, हे माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर मी पाहिलं आहे.

फाईलमध्ये बदलीच्या अर्जाची प्रत नव्हती. मनोमन धरून बसलोय की तू तो भरलेला नाहीस. नसशील भरला तर भरू नकोस. भरला असशील तर आजच मला सांग. वकिलांना विचारून काय लेखी द्यायचं ते ठरवू. आयकरात, प्रवासात किंवा आणखी कुठे दाखला वापरला असलास तर तेही लपवू नकोस. त्या मध्यस्थाला फोन करू नकोस, पैसे परत मागू नकोस. दाखला फाडायचा किंवा जाळायचा तर विचारही नको, पुरावा नाहीसा करणं हा आणखी वेगळा गुन्हा आहे. तो मी होता तसा फाईलमध्ये ठेवला आहे.

पती-पत्नी एकत्रीकरणात सूनबाईंच्या शाळेजवळ मिळतंय का, ते मात्र नीट बघ. ते तुमच्या हक्काचं आहे. नाही जमलं तर आईला घेऊन मीच तुझ्याकडे येऊन राहीन, दोन खोल्या पुरतील.

शनिवारच्या गाडीने येतोय. स्टँडवर ये. आईला सांगितलंय, नातवाला भेटायला चाललोय.

तुझे,
बाबा