विहिरीतून काही बाहेर काढू नकोस

पुणे, ११ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

तुझी पटकथा परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. फोनवर बोललो असतो, पण मला जे सांगायचंय ते तुकड्यातुकड्यांत सांगून भागणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक सांगतो. अमेरिकन भयकथालेखक लव्हक्राफ्टची नेमकी हीच कथा तू निवडलीस याचा फार आनंद झाला. त्याच्या कितीतरी कथांत भीतीच्या मुळाशी परक्या माणसांविषयीचा उघड तिरस्कार आहे, आणि तो वाचताना माझं मन मागं सरतं. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’मध्ये ते नाही. तिथं एक शेतकरी आहे, नेहम गार्डनर. त्याची बायको, तीन मुलगे, फळबाग, एक विहीर. जून १८८२ मध्ये विहिरीशेजारी उल्का पडते आणि पुढच्या वर्षाची पानगळ संपेपर्यंत त्या घरातलं कुणीही उरत नाही. हक्कांची काळजीही तुला नाही. कथा १९२७ साली छापली गेली, त्यामुळं अमेरिकेत २०२३ पासून ती सगळ्यांची झाली.

आता तुझा प्रश्न. त्या उल्केबरोबर आलेला, जो पृथ्वीवर नाहीच, तो रंग पडद्यावर आणायचा कुठून? कथेतले प्राध्यापकसुद्धा त्याला ‘रंग’ म्हणतात ते दुसरा शब्द सापडत नाही म्हणून. तू कॅमेऱ्याचा माणूस, तुला हे आधी दिसणं साहजिक आहे. याच कथेवरच्या २०१९ च्या निकोलस केजवाल्या चित्रपटानं मजेंटा घेतला. त्यामागं विचार आहे, कारण इंद्रधनुष्यात मजेंटा नाही. कुठल्याही एका तरंगलांबीचा प्रकाश तो रंग देत नाही, लाल आणि निळा एकत्र डोळ्यात शिरले की मेंदू तो तयार करतो. पण पडद्यावर आल्यावर आपल्याला दिसतो तो जांभळट-गुलाबी प्रकाश, आणि तसा प्रकाश आपण लग्नाच्या हॉलमध्येही पाहिलेला असतो. २०१० च्या जर्मन ‘दी फार्बे’नं मला जास्त हलवलं. दिग्दर्शक हुआन वूनं सगळा चित्रपट कृष्णधवल ठेवला आणि रंग फक्त त्या एका गोष्टीला दिला. म्हणजे नवा रंग शोधलाच नाही. ज्या जगात रंगच नाहीत अशा जगात आपल्याला आधी बसवलं, आणि मग रंग हीच परकी वस्तू झाली. तू हे पाहिलं नसशील तर चित्रीकरणाआधी नक्की पाहा.

पण मी साउंडचा माणूस आहे आणि मला या कथेची किल्ली दुसरीकडंच सापडते. गार्डनरची बायको वेडी होते तो परिच्छेद पुन्हा काढून वाच. हवेत काहीतरी आहे म्हणून ती किंचाळते, पण काय आहे ते तिला सांगता येत नाही. लव्हक्राफ्ट लिहितो की तिच्या बडबडीत एकही नाम नव्हतं, फक्त क्रियापदं आणि सर्वनामं. हलतंय. बदलतंय. फडफडतंय. तिच्यातलं काहीतरी काढून नेलं जातंय. कोण नेतंय, काय नेतंय, काहीच नाही.

सुहास, हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आपला सगळा धंदा नामांचा आहे रे. कॅमेरा समोरची वस्तू दाखवतो: ही विहीर, हा कंदील, हा राक्षस. आणि ही भीती नामाची नाहीच. ज्या क्षणी ‘ते’चं ‘हे’ होतं, बोट दाखवता येतं, त्या क्षणी ती संपते. तुझ्या पटकथेच्या शेवटी विहिरीतून तो तेजाळ, हातपाय असलेला आकार वर येतो ना, तिथं मला नेमकं हेच झालं. त्याआधीची भीती तो आकार पुसून टाकतो. केजच्या चित्रपटातही आई आणि धाकटा मुलगा एकमेकांत वितळून जातात तो प्रसंग भयंकर आहे, मला तो पाहवला नाही, पण तो पाहताना मी विश्वाला घाबरलो नव्हतो, एका शरीराला घाबरलो होतो.

तू म्हणशील, मग कार्पेंटरच्या ‘द थिंग’चं काय? तिथं तर सगळं दाखवलंय. खरंय. १९८२ मध्ये त्या चित्रपटातला परका प्राणी रॉब बॉटिननं जसा बनवला ते भर उजेडात दाखवलंय. पण नीट आठव, त्या प्राण्याचं स्वतःचं रूप आपण एकदाही पाहत नाही. आपण पाहतो ते त्याचं बदलणं. तो सतत कशाचं तरी कशात तरी होत असतो, आणि थांबतो तेव्हा माणसासारखा दिसतो. बॉटिननं रबर आणि रंग वापरून क्रियापद उभं केलंय, असं मला वाटतं. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोला लव्हक्राफ्टचीच अंटार्क्टिकाची ‘अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ करायची होती. १५ कोटी डॉलर खर्च आणि फक्त मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र, हे गणित स्टुडिओला पटलं नाही आणि २०११ मध्ये ते बारगळलं. तो चित्रपट मला पाहायचा होता, अजूनही आहे. पण तुझ्याकडं वीस मिनिटं आहेत, एक भाड्याचं शेतघर आहे आणि चार मित्र. एवढ्यात जे होईल तेच या कथेला हवंय.

म्हणून माझं ऐकशील? गार्डनरच्या मुलाचा, मर्विनचा प्रसंग मूळ कथेत आहे तसा कर. पोरगा रात्री कंदील आणि बादली घेऊन पाण्याला जातो आणि परत येत नाही. सकाळी विहिरीपाशी काय सापडतं? कंदिलाचा चेपलेला, अर्धवट वितळलेला लोखंडाचा गोळा. बादलीची वाकलेली कडी आणि पिळवटलेल्या पट्ट्या. बस. कॅमेरा घरातच ठेव, बापाजवळ. बाहेर बादलीची कडी वाजत दूर जाते. मग वाजायची थांबते. नंतर मी काहीही टाकणार नाही, संगीत तर नाहीच. आणि वेड्या बायकोला कोंडलेल्या माळ्यावरच्या खोलीत शेजारी अॅमी जातो तेव्हा दार आपल्या तोंडावर बंद होऊ दे. त्यानं आत काय केलं ते कथाही सांगत नाही. दयेपोटी केलेल्या गोष्टीला कायदा कधी कधी फार कठोरपणे तोलतो, एवढंच सुचवते. तो बाहेर येतो तेव्हा आत जिवंत काही उरलेलं नसतं. अॅमीचा चेहरा आणि जिन्याच्या पायऱ्या, याहून जास्त नको.

झाडांच्या फांद्या वारा नसताना हलतात तिथं माझं काम सोपं आहे. चित्र हलेल, आवाज येणार नाही.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात लागलंय. सर्वेक्षकाला तू का कापलास? ही सगळी गोष्ट आपल्याला कळते ती त्याच्यामुळं. तो धरणासाठी जमीन मोजायला आलाय, आणि गार्डनरच्या शेताच्या जागी उरलेल्या त्या पाच एकर राखेवर लवकरच पाणी चढणार आहे. ते पाणी मी कधी पिणार नाही, असं तो म्हणतो. तू बॉस्टनला राहतोस. तुझ्या नळाला क्वाबिन जलाशयाचं पाणी येतं. डेना, एनफील्ड, ग्रीनिच, प्रेस्कॉट ही चार गावं त्या जलाशयासाठी १९३८ मध्ये कागदोपत्रीसुद्धा पुसली गेली. हे सगळं तुझ्या दाराशी असताना सर्वेक्षक नको?

माझ्या पणजीचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं, हे तुला माहीत आहे. सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा, म्हणजे ही कथा लिहिली गेली त्याच दशकातला. आजी सांगायची की तिच्या आईनं नंतर गावाचं नाव कधी घेतलं नाही. ‘तिकडं’ म्हणायची. ‘ते गेलं’ म्हणायची. ‘पाणी चढत आलं’ म्हणायची. गार्डनरच्या बायकोचा परिच्छेद वाचताना मला तिचीच आठवण झाली, जिला मी पाहिलेलंही नाही.

तेव्हा सर्वेक्षकाला परत आण. अॅमी त्याला गोष्ट सांगताना ज्या ज्या ठिकाणी थांबतो, त्या थांबण्यांवर चित्रपट उभा कर.

डेना कॉमनला, म्हणजे त्या डेना गावाच्या मधल्या मोकळ्या जागेत, जाऊन ये. ते उंचावर असल्यामुळं पाण्याखाली गेलेलं नाही, घरांच्या तळघरांचे खड्डे अजून तिथं आहेत. जाताना रेकॉर्डर ने. वारा नसलेला दिवस बघ, एका खड्ड्याच्या काठावर माइक ठेव, तू स्वतः लांब जाऊन उभा राहा आणि दहा मिनिटं काही बोलू नकोस. ती फाइल मला पाठव, मी तिच्यापासून सुरुवात करतो.

तुझा,
विनायक