फवारणीचे ‘औषध’ आणि सहा अक्षरे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कृषी पुरवणीतील फवारणीच्या सल्ल्यांत कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हटलेले असते. आमच्या तालुक्यातही पऱ्हाटीवर ‘औषध मारतात’, आणि ते किडीला मारते, माणसाला फारसे बाधत नाही, असा समज त्या शब्दाआड दडलेला असतो. तो खोटा आहे हे मी अकरावीच्या वर्गाला प्रथिनांचे अनुक्रम ताडून दाखवतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. चेतापेशींच्या सांध्यांवर संदेश पोहोचवून झालेले ॲसिटिलकोलिन तोडणे, हे या विकराचे काम. ते माणसात आहे, तसेच सडक्या केळीवर घोंगावणाऱ्या ड्रोसोफिला या चिलटातही आहे. दोघांचे सहाशेहून अधिक अमिनो आम्लांचे अनुक्रम इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रत्येक अमिनो आम्लाला एक अक्षर, असे लिहून ते एकाखाली एक मांडले की निम्म्याहून अधिक जागी अक्षरे जुळत नाहीत, आणि ‘सर, हे तर वेगळंच आहे’, असे मुले म्हणतात. मग मी एका जागी बोट ठेवायला लावतो : फिनाइलॲलनीन, ग्लायसीन, ग्लुटामिक आम्ल, सेरीन, ॲलनीन, ग्लायसीन. ही सहा अक्षरे दोन्ही ओळींत जशीच्या तशी आहेत. त्यातले सेरीन हेच विकराचे हत्यार असल्याने ते बदलले की विकर निकामी होते, म्हणूनच बाकीचा अनुक्रम कोट्यवधी वर्षांत एवढा बदलूनही ही जागा टिकली. कीटकनाशकातला फॉस्फरस नेमका त्याच सेरीनला चिकटतो. ॲसिटिलकोलिन साचत जाते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळू लागते, श्वास कोंडतो.

जुळणाऱ्या अक्षरांच्या टक्केवारीवर दुसऱ्या बाजूनेही विसंबता येत नाही. चेतापेशींना जोडणारे न्यूरोलिजिन हे प्रथिन याच घराण्यातले, ठेवणही तीच. परंतु त्या जागी सेरीन नसल्याने ते विकराचे काम करत नाही. मुलांना हे कोडे फार आवडते.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पुढच्या हंगामाच्या पुरवणीत माणसाच्या आणि चिलटाच्या विकरांच्या त्या दोन ओळी एकाखाली एक छापाव्यात आणि ‘औषध’ऐवजी ‘विष’ लिहावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ